साठ हातांचे छप्पर

दोर वळणाऱ्याचे आयुष्य मागे चालण्यात सरते. कमरेला घायपाताच्या वाखाचा गुंडाळा बांधावा, त्यातले तंतू चाकाच्या आकड्याला अडकवावेत, आणि चाक फिरू लागले की डोळे चाकाकडे लावून, पाठीने वाट चाचपत, पावलापावलाने मागे सरत जावे. वाटेचे डोळे टाचेला असावे लागतात. थोरल्याच्या टाचेला ते होते. गाव त्याला 'उलट्या' म्हणे, आणि त्या नावाचा विषाद त्याने कधी मानला नाही.

"भुताचे पाय उलटे आणि याची चाल उलटी," असे कोणी म्हटले, तर तो म्हणे, "भुताला बघून लोक पळतात तरी. मला बघून उधारीवर दावं मागतात."

कालव्याच्या कडेने, झाडांच्या दोन रांगांमधून, त्याच्या आजाने ती वाट धरली होती. जमीन सरकारची, सावली झाडांची आणि टाचा या घराण्याच्या. तीन पिढ्या चालून माती अशी गुळगुळीत झाली होती, की अनवाणी पायाला ती ओल्या दगडासारखी लागे. एका टोकाला चाक. दुसऱ्या टोकाला दगडांनी लादलेली, चाके नसलेली घसरगाडी. दोहोंमध्ये नव्वद हात लांबीचे तीन पेड ताणले जात. पीळ भरू लागला की पेड आखडत, आणि ती जड गाडी मुंगीच्या गतीने चाकाकडे ओढली जाई. पुरा दोर सिद्ध होई तेव्हा तो साठ हात भरे. उरलेले तीस हात कुठे जात? ते पिळात जिरत.

या तीस हातांविषयी बोलायचे नाही, असा त्या घराचा नेम होता. बाप सांगून गेला होता, "गिऱ्हाईक साठ मागतं, आपण साठ देतो. तीस हात पिळाचे. ज्याचं त्याला वाहिलं, त्याची वाच्यता करू नये." थोरल्याने हा नेम एखाद्या स्तोत्रासारखा सांभाळला. किती लांबी, असे कोणी विचारले की त्याच्या मुखातून तयार दोराचीच लांबी बाहेर पडे. वाट मोजून सांगायची असते, हे त्याच्या गावीही नव्हते.

चाक त्याची बायको फिरवी. सारा गाव तिला वहिनीच म्हणे, कारण ती या घरात आली तेव्हा तिला वहिनी म्हणणारा सात वर्षांचा दीर तिच्या पदराला धरून उभा होता. सासूसासरे त्याच साली गेले. वहिनीला पुढे मूल झाले नाही, आणि तिने त्याची खंतही फारशी केली नाही. धाकट्याला भरवण्यात, शाळेत धाडण्यात आणि त्याच्या तळव्यांना तेल चोळण्यात तिचे मातृत्व पुरे पडले. सकाळी शाळा, दुपारी वाट, आणि शाळा संपल्यावर नुसती वाट, असे करत धाकटा बावीस वर्षे त्या वाटेवर चालला. तीन पेडांच्या मधोमध तीन खाचांचा लाकडी भोवरा धरून दोर बसवत जाण्याचे काम त्याच्याकडे असे, आणि ते तो थोरल्याहूनही सफाईने करी. शिवाय त्याला कागद वाचता येई. थोरल्याला अक्षर म्हणजे न उकललेला गुंता.

लागोपाठ दोन हंगाम अवेळी सरी आल्या. विहिरी खणणाऱ्यांचे काम कोरड्या महिन्यांत चालते, दोरांची मागणीही तेव्हाच असते. आणि नेमक्या त्याच महिन्यांत ताणलेले पेड उघड्यावर भिजू लागले. भिजलेला वाख काळा पडतो, काळ्या वाखाचा दोर आतून कुजतो, आणि कुजक्या दोराला माणूस लटकवता येत नाही. थोरल्याने दुसऱ्या हंगामात स्वतःच्या हाताने वळलेले सहा दोर तुकडे करून जाळले. विकत घ्यायला माणसे दारात उभी असताना जाळले.

त्याच आठवड्यात धाकटा तालुक्याहून कागद घेऊन आला.

"दादा, छप्पर मिळतंय."

"कोण देतंय?"

"सरकार. छोट्या धंद्यांना आधार द्यायची योजना निघालीय. कारागिराला त्याच्या जागेवर पक्कं केंद्र बांधून देणार. वर पत्रे, खाली फरशी, दिवे. एक पैसा नाही."

"फुकट?" वहिनी चाकाजवळून म्हणाली. "फुकटचं म्हटलं की माझ्या डोळ्याची पापणी उडते, भाऊजी."

"वहिनी, तुमची पापणी मी पास झालो तेव्हाही उडाली होती."

ती हसली. थोरला मात्र वर पाहत राहिला. झाडांच्या फटींतून आभाळ दिसत होते. त्या फटी बुजतील, ही कल्पनाच त्याला देवदर्शनासारखी वाटली.

पंधरा दिवसांनी साहेब आले. तरुण होते, पायांत स्वच्छ बूट होते आणि वागणे आदराचे होते. वहिनीने खाटेवर धुतलेली चादर घातली. साहेब चहा पिताना म्हणाले, "मालक, तुमच्यासारख्या माणसांसाठीच हे चाललंय. आम्ही आमच्या मनाने काही बांधत नाही. कारागीर सांगेल तसं. बोला, तुम्हाला लांबी किती लागते?"

आयुष्यात प्रथमच कोणी त्याला मालक म्हणत होते. थोरल्याने पाठ ताठ केली आणि तिन्ही पिढ्यांच्या वतीने उत्तर दिले, "साठ हात, साहेब. एक बोटही कमी नको."

शेजारी धाकटा फॉर्म भरत बसला होता. त्याची लेखणी किंचित थबकली. मग तिने साठ हातांचे मीटर केले आणि पुढच्या रकान्यात गेली.

"अंगठा," तो म्हणाला. थोरल्याने अंगठा उठवला.

बांधकाम चालू असताना थोरल्याला ते पाहायला मिळाले नाही. योजनेची अट होती, कारागिराने दीड महिना शहरात प्रशिक्षण घ्यावे. तिथे खुर्च्या होत्या, फळा होता, आणि एक मुलगी व्यवसाय कसा करावा हे शिकवत असे. "ग्राहक हा राजा असतो," ती म्हणाली. थोरल्याने हात वर केला. "बाई, आमचा राजा म्हशीला घेऊनच येतो. दोघांत मान कुणाला द्यायचा?" वर्ग खदखदून हसला, तीही हसली. शेवटच्या दिवशी एक पिशवी आणि एक प्रमाणपत्र मिळाले. बसमध्ये त्याने ते प्रमाणपत्र छातीशी उभे धरले होते, मोडू नये म्हणून.

तो परतला तेव्हा इमारतीभोवती पत्र्यांचे कुंपण होते. देखरेख धाकट्याकडे होती. "आता उद्घाटनालाच बघ, दादा," तो म्हणाला. "नवरीचं तोंड आधी बघू नये." झाडे तोडली होती. आभाळ एवढे मोठे झाले होते, की त्याखाली काही लहान आहे की मोठे, याचा अदमासच लागेना. वहिनीने जवळ जाऊन हळूच विचारले, "अहो, आखूड नाही ना वाटत?" तो म्हणाला, "धाकटा उभा होता तिथं. त्याला ठाऊक नाही का?" या उत्तराने दोघांचेही समाधान झाले.

उद्घाटनाला मंडप घातला होता. पाहुण्यांनी फीत कापली, साहेबांनी भाषण केले, आणि मग थोरल्याला दोर वळून दाखवायला सांगितले. वहिनी नवे लुगडे नेसून चाकाशी बसली. थोरल्याने वाख कमरेला बांधला, तंतू आकड्याला दिला, मनात बापाला नमस्कार केला आणि मागे सरू लागला. फरशी थंड होती. टाचेला ओळखीचे काही लागेना. कुठे मूळ नाही, कुठे खळगा नाही. तरी चाकाचा आवाज जुनाच होता, हातातून सुटणारे सूत जुने होते, आणि डोक्यावर पत्रा होता. वीस हात, चाळीस हात. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे होते. साठाव्या हाताला त्याची पाठ भिंतीवर आदळली.

डोके मागे आपटले. कमरेचा गुंडाळा सुटून पायांत आला. सूत हातातून निसटले आणि पीळ उलगडत, वळवळत फरशीवरून चाकाकडे धावले.

मंडपाने टाळ्या वाजवल्या. खेळ पुरा झाला, असे त्यांना वाटले. साहेब ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "बघा, एक इंच जागा वाया गेली नाही!"

वहिनीने चाक थांबवले नाही. रिकामा आकडा गरगरत राहिला, कारण तिला हात मागे घेणे सुचलेच नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर थोरला भिंतीशी बसला होता. धाकटा खुर्च्या मोजत होता.

"अरे, हे साठच आहे."

"साठच."

"आपल्याला नव्वद लागतात."

"तू साठ म्हणालास, दादा. मी साठ लिहिलं. मी काय खोटं लिहिलं?"

शब्द त्याचाच होता. तो खोटाही नव्हता.

"मागची भिंत काढू मग."

"सरकारी भिंत आहे. हात लावलास तर गुन्हा. आणि तिच्यामागे गाड्यांचा रस्ता झालाय." धाकट्याने शेवटची खुर्ची रचली. "चाळीस हातांचे दोर वळ की. कोण नको म्हणतंय?"

चाळीस हातांचा दोर विहिरीच्या पाण्याला टेकत नाही. हंगाम तोंडावर होता, आणि विहिरी खणणाऱ्यांचा मुकादम आठ दिवसांत आला. जाडजूड, खोकणारा माणूस. गेली वीस वर्षे तो याच घरचे दोर नेत होता. थोरल्याने त्याला छप्पर दाखवले, भिंत दाखवली, आणि मग खाली बघत म्हणाला, "दोन दोर जोडून देऊ का? जोड असा देईन, की बोटाला कळणार नाही."

मुकादम बराच वेळ खोकला. "उलट्या, तूच मला एकदा म्हणालास, जोडाच्या दोराला बादली बांधावी, माणूस बांधू नये."

"म्हणालो होतो."

"मग?"

"मग काही नाही."

"माझी चार पोरं उतरतात रे खाली," मुकादम म्हणाला. "रागावू नको." तो गेला, जाताना त्याने वहिनीला हात जोडले, जसे कोणी सुतकातल्या घरी जोडतो.

महिन्याभरात केंद्रात नायलॉनच्या दोरांच्या गाठोड्यांची थप्पी लागली. निळे, हिरवे, डोळ्यांत खुपणारे रंग. कोण्या व्यापाऱ्याने जागा वापरायला घेतली आणि धाकटा तिथे व्यवस्थापक झाला. त्याने हे स्वतः येऊन सांगितले. "रिकामं ठेवलं तर सरकार काढून घेईल, दादा. निदान छपराखाली दोर आहे, असं तरी म्हणता येईल." मुकादमाने आपले चार दोर तिथूनच नेले. थोरल्याच्या दारावरून नेताना त्याने ते गाडीत पोत्याखाली झाकले होते. त्या झाकण्याचा थोरल्याला जितका त्रास झाला, तितका नेण्याचा झाला नाही.

आता अंगणात गुरांची दावी वळली जात. बारा हात, चौदा हात. वहिनी चाक फिरवी. ते मोठे चाक एवढ्याशा कामाला हसल्यासारखे कुरकुरे. दुपारी ती डबा भरून केंद्रावर नेई.

"अजून त्याला जेवायला देतेस?" एकदा थोरल्याने विचारले.

"भूक त्याची आहे. तिनं काय केलंय?" मग ती म्हणाली, "अहो, तुमच्या तोंडून साठ निघाले, तेव्हा भाऊजी शेजारीच होते ना?"

"घाईत होता. नऊ कागद भरायचे होते. सुचलं नसेल."

"बावीस वर्षं तो भोवरा धरून चाललाय."

"म्हणूनच. रोजची गोष्ट माणसाला दिसत नाही. मला तरी कुठं दिसली? चूक माझी, गं. मी त्याच्यावर कशाला टाकू?"

तो हे मनापासून म्हणत होता. दोषाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले, तर भाऊ शिल्लक राहत होता. हा सौदा त्याला महाग वाटला नव्हता.

पुढल्या कोरड्या हंगामाच्या आरंभी साहेब पाहणीला आले. केंद्रावर जाण्याआधी ते थोरल्याच्या अंगणात आले, याचे वहिनीला बरे वाटले. खाटेवर पुन्हा चादर पडली.

"मालक, तुम्ही इथं का वळता? केंद्रात का नाही?"

थोरल्याने सांगितले. वडिलांचा नेम मोडून, तीस हातांची गोष्ट त्याने प्रथमच परक्या माणसाला सांगितली. सांगताना त्याचा स्वर असा उतरला होता, जणू तो घरातल्या कोणाचे तरी लांच्छन उघड करत आहे.

साहेबांनी कप खाली ठेवला. "म्हणजे साठ हातांच्या केंद्रात साठ हातांचा दोर होत नाही?"

"नाही होत."

"पण मालक... आता सगळीकडे साठच ठरलंय. तुमच्या केंद्राचा नकाशा नमुना म्हणून मंजूर झाला. तुमचं नाव आहे त्यावर, अनुभवी कारागिराच्या सल्ल्यानुसार, असं. सात गावांत दोरवाल्यांना अशीच केंद्रं मिळतायत. तुमचे बंधूच सल्लागार आहेत. आज कालव्याच्या खालच्या गावात ते आखणी करतायत."

"आज?"

"सकाळीच गेले."

"किती हातांची?"

साहेबांची नजर अंगणातल्या आखूड दाव्यांवर गेली. वहिनीच्या हातून चाकाचा दांडा सुटला.

थोरला उठला तो तसाच निघाला, कमरेचा वाखाचा गुंडाळाही न सोडता. खालचे गाव दोन कोसांवर. कालव्याच्या बांधावरून ऊन समोर घेऊन तो चालला. एवढे अंतर पुढे तोंड करून, इतक्या त्वरेने, तो कित्येक वर्षांत चालला नव्हता. पिंढऱ्या वळू लागल्या, श्वास छातीत मावेना. वाटभर तो एकच प्रार्थना करत होता. पहिल्या वेळी चूक झाली, ती माझी. आता तरी त्याने नव्वद मोजलेले असोत. साहेबांना काय कळते? तो नव्वदच मोजेल. भिंतीवर पाठ आदळली, ती त्याने डोळ्यांनी पाहिली आहे.

खालच्या गावची वाटही झाडांतून गेलेली होती, तशीच गुळगुळीत. तिच्यावर चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या आणि रेघांच्या कोपऱ्यांत खुंट्या ठोकल्या होत्या. टाचेने मोजायची गरज पडली नाही. थोरल्याच्या डोळ्यांना ते एका दृष्टीत कळले. साठ.

खुंटीजवळ धाकटा हातात फीत घेऊन उभा होता. भोवती पाच-सहा दोरवाले, आणि त्यांत एक म्हातारी, जिच्या शब्दाशिवाय त्या वस्तीत कोणी चाकाला हात लावत नसे. थोरल्याला पाहताच ती पुढे आली.

"या, या! तुमच्या शब्दावरच बांधतोय आम्ही. माझा पोरगा म्हणत होता, आपणच मोजून सांगू. मी म्हटलं, त्यांच्या घराण्याच्या पुढं आपण काय मोजणार?"

"माई," थोरला म्हणाला, "ते साठ तयार दोराचे होते. वाटेचे नव्हते."

मग एका तरुण दोरवाल्याने रेघेकडे पाहिले, चाकाकडे पाहिले, आणि हातातले फावडे जमिनीवर ठेवले.

म्हातारी धाकट्याकडे वळली. "काय रे, हे तुला ठाऊक होतं?"

"मला कसं ठाऊक असणार, माई?" धाकटा शांतपणे म्हणाला. त्याचा स्वर इतका सरळ होता, की त्यात कोठे गाठ लागेना. "मी कागदाचा माणूस. कारागीर दादा. दादा साठ म्हणाला, विचारा त्याला."

सारे थोरल्याकडे पाहू लागले.

"म्हणालो," थोरला म्हणाला.

"आणि तू?" म्हातारीने पुन्हा विचारले. "तू कधी दोर वळला नाहीस?"

धाकट्याने भावाकडे पाहिले नाही. "नाही," तो म्हणाला.

थोरल्याच्या कमरेचा गुंडाळा एकाएकी फार जड झाला. त्या एका अक्षरद्वयात सात वर्षांचा पोर गेला, भोवरा गेला, तिघांनी मिळून उन्हात घालवलेल्या बावीस वर्षांच्या दुपारी गेल्या. छप्पर गेले तेव्हा त्याने दोष आपल्याकडे घेतला होता. वाट गेली तेव्हाही घेतला होता. हे घ्यायला त्याच्याजवळ जागा उरली नव्हती.

म्हातारी पुढे झाली. तिने धाकट्याच्या हातातली फीत काढून घेतली आणि त्याचा उजवा हात उलटा करून आपला अंगठा तर्जनीच्या कडेवरून हळूच फिरवला, जसा ती वाखाचा पोत पाहताना फिरवत असेल. तिथे सुताने वर्षानुवर्षे कोरलेली, शिंगासारखी टणक खाच होती. तशी खाच तिथल्या प्रत्येकाच्या बोटाला होती. धाकट्याने हात सोडवून घेण्याचा यत्न केला नाही.

"पोरा," म्हातारी म्हणाली, "हे कागदानं होत नाही."

तिने हात सोडला आणि आपल्या माणसांकडे वळून म्हटले, "खुंट्या उपटा."

"माई, मंजूर झालेलं काम आहे," धाकटा म्हणाला. "परत मिळायचं नाही. उघड्यावर बसाल."

"बसू."

खुंट्या उपटल्या गेल्या. चुना पायांनी विस्कटला गेला. थोरल्याने एकाही खुंटीला हात लावला नाही. तो त्या वाटेच्या कडेला उभा राहून तिच्या दुसऱ्या टोकाकडे पाहत होता, जिथे दगडांनी लादलेली एक जुनी घसरगाडी झाडाखाली उभी होती. धाकटा त्याच्या अगदी जवळून गेला. थोरल्याने नेहमीच्या सवयीने किंचित बाजूला होऊन त्याला वाट दिली.

तो घरी पोहोचला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. वहिनी उंबऱ्यात उभी होती. तिने त्याला पाणी दिले, गुंडाळ्याची गाठ सोडली, आणि त्याच्या मागे, बांधाच्या दिशेने पाहिले.

"काय झालं तिथं?"

"वाचली त्यांची वाट."

"देवाची कृपा," ती म्हणाली. चुलीजवळ तीन ताटे मांडलेली होती. "आणि भाऊजी? भेटले का तुम्हाला?"

थोरल्याने तांब्या पुरता रिकामा केला. तिच्या मुखाकडे पाहण्याचे त्याने टाळले.

"नाही," तो म्हणाला. "नाही भेटला."